दोन डिस्कची वाटणी

माझ्या सासऱ्यांचा बीडमध्ये फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत एक धबधबा होता. कापडावर रंगवलेला, कपिलधारचा. खऱ्या कपिलधारला दर्शन करून आलेली माणसंसुद्धा परतताना स्टुडिओत शिरायची आणि या पडद्यासमोर उभी राहून फोटो काढून घ्यायची. कारण उन्हाळ्यात खऱ्या धबधब्याची करंगळीएवढी धार उरायची; आमचा मात्र बारा महिने कोसळायचा. सासरे, म्हणजे सगळ्या गल्लीचे आप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालायचे आणि आतून ओरडायचे, "हालू नका! पाणी हालंल, तुमी हालू नका!"

या स्टुडिओची खरी कमाई लग्नांत नव्हती. आष्टीपासून गेवराईपर्यंतच्या खेड्यांत अशी पुष्कळ माणसं होती, ज्यांचा आयुष्यात एकच फोटो निघालेला असायचा आणि तो आप्पांनी काढलेला असायचा. माणूस गेलं की घरची मंडळी बीडला यायची. "आमच्या म्हाताऱ्याचा फोटो काढलाता तुमी. पटका बांधून आलते." बस, एवढ्या धाग्यावरून आप्पा खोक्यांच्या ढिगात हात घालायचे आणि नेमकी ती निगेटिव्ह बाहेर काढायचे. मग ती मोठी करून, काचेत बसवून, चंदनाचा हार घालून द्यायची. निम्मा धंदा जिवंत माणसांवर चालायचा आणि निम्मा मेलेल्यांवर. "मेलेलं गिऱ्हाईक फोटो चांगला आला न्हाई म्हणत न्हाई," असं थोरला मेव्हणा म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

तर या निगेटिव्हना बुरशी लागली. आधी कडेनं, मग माणसांच्या कपड्यांवर, मग चेहऱ्यांवर. आप्पा रोज एक खोकं उन्हात वाळवायचे आणि रोज एक नवा चेहरा गेलेला सापडायचा. त्यांचं जेवणावरचं मन उडालं.

हे झालं त्या काळात, जेव्हा देशाची दारं उघडली असं पेपरात रोज येत होतं. बीडमध्ये त्या दारांतून आधी रंगीत टीव्ही आला, मग केबल, मग कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे डबे आणि अगदी शेवटी, धापा टाकत, कॉम्प्युटर. मी गेवराईत कॉम्प्युटरचे क्लास चालवत होतो. त्यामुळे सासरवाडीत माझा दर्जा एकदम वैद्यासारखा झाला. पंखा बिघडला तरी म्हणायचे, दाजींना इचारा.

मी सांगितलं, स्कॅन करा. कॉम्प्युटरला बुरशी लागत नाही. धाकट्या मेव्हण्यानं स्कॅनर आणला आणि आप्पांचा सगळा जन्म, एकेक निगेटिव्ह करत, कॉम्प्युटरच्या डब्यात जाऊ लागला. आप्पा शेजारी बसून नावं सांगायचे. हा अमुक गावचा पाटील. ही त्याची पहिली बायको. हा खुर्चीला धरून उभा राहिला, कारण पायात दम नव्हता. पण फायली इतक्या मोठ्या, की डिस्क भरली. त्यातच धाकट्यानं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग सुरू केलं होतं आणि व्हिडिओपुढं डिस्क म्हणजे लग्नातला मठ्ठा. कितीही केला तरी पुरत नाही. तेव्हा ठरलं की पुण्याला जायचं, दोन मोठ्या डिस्क आणि त्या दोघींना एकत्र चालवणारा कंट्रोलर आणायचा. आप्पा, दोन्ही मेव्हणे आणि तज्ज्ञ म्हणून मी.

पुण्यातल्या दुकानदारानं काचेवर दोन खोकी ठेवली. एक लहान, एक मोठं. मोठ्या खोक्यातल्या कंट्रोलरला चार डिस्क जोडता यायच्या, त्यातली कुठलीही एक मेली तरी काम चालू राहायचं, आणि त्याला स्वतःची बॅटरीही होती. वीज गेली तरी हातातलं काम तो विसरत नसे.

"वीज जाती हे तुमाला कुणी सांगितलं?" थोरला म्हणाला. "आमच्याकडं ती येती कवा, ते इचारा." मग त्यानं खोकं उलटं करून किंमत वाचली आणि गरम पातेलं ठेवावं तसं ते काचेवर परत ठेवलं.

राहिलं लहान खोकं. दुकानदार म्हणाला, "हे कार्ड दोन डिस्कचं. ते कसं वागणार, हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. एक तर आरसा करा. इकडं जे लिहिलं तेच तिकडं. एक डिस्क मेली तरी दुसरी जशीच्या तशी. नाही तर पट्ट्या करा. फाईल फोडून एक तुकडा इकडं, पुढचा तिकडं. दोघी एकदम पळतात. वेग दुप्पट, जागा दुप्पट."

"आन् पट्ट्यात एक मेली तर?" आप्पांनी विचारलं.

"तर काका, दोन्ही मेल्या समजा."

मी लगेच म्हणालो, "आरसा. दुसरा विचारच नको. हे फोटो परत मिळणारे नाहीत."

थोरल्यानं हात वर केला. कोर्टात करतात तसा. "एक सांगा. आरशामधी दुसरी डिस्क करती काय?"

"पहिलीनं लिहिलं तेच लिहिते."

"म्हंजी काम पयलीनं केलं?"

"हो."

"मंग दुसरी बसून खाती!"

दुकानातली चार माणसं हसली आणि तिथंच माझा खटला बुडाला. थोरल्याला बसून खाणारा माणूस नजरेसमोर चालायचा नाही. घरात पाहुणा आला तरी तो त्याच्या हातात लसूण सोलायला द्यायचा. त्याला बसून खाणारी डिस्क कशी चालणार?

"आन् दाजी, मला स्पीड लागतो," धाकटा म्हणाला. "व्हिडिओत नवरानवरी गुलाबातून भाईर यायला माझ्या मशीनला इतका येळ लागतो, की तवर त्यांना लेकरू व्हईल."

"अरे पण एक गेली तर..."

"दाजी, तुमी मास्तर लोक. तुमाला सगळीकडं भ्याव दिसतं," थोरला म्हणाला. "नवी कोरी वस्तू कावून मरंल? दोघींनी अर्धं अर्धं वझं उचलायचं. आमी दोगं उचलतो तसं." आणि त्यानं धाकट्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की दुकानदाराच्या काचेवरचा स्क्रूड्रायव्हर घरंगळला. आप्पा दोन्ही पोरांकडं बघून इतके खूश झाले, की आपला मघाचा प्रश्नच विसरले.

पट्ट्या ठरल्या.

बीडला आल्यावर डब्याला भस्म लागलं, बेलाचं पान वाहिलं, नारळ फुटला. आणि खरं सांगायचं तर ते मशीन वाऱ्यासारखं पळालं. गुलाब पटापट उमलू लागले. जुन्या डिस्कवरचे फोटोही नव्यांवर हलवले, आप्पांच्या उरलेल्या निगेटिव्ह स्कॅन होऊन संपल्या आणि एके दिवशी जुन्या फिल्ममधली चांदी काढून विकणारा माणूस हातगाडी घेऊन दारात आला. थोरल्यानं बुरशीची खोकी त्याच्या गाडीवर चढवली. आप्पा दारात उभे होते.

"सगळे आत गेलेत ना?" त्यांनी विचारलं.

"सगळे, आप्पा."

त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. आत माणसं होती ना.

पुढं दोघा भावांचं फाटलं, ते धंद्याच्या स्वभावामुळंच. लग्नात फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला हे मुळात एकमेकांचे वैरी. दोघांनाही नवरानवरीच्या बरोबर समोरची तेवढीच जागा हवी असते. फोटोवाला वाकला की व्हिडिओत त्याचा पार्श्वभाग येतो. व्हिडिओवाल्यानं दिवा लावला की फोटोत नवरी भुतासारखी पांढरी पडते. बाहेरचे असते तर भांडून घरी गेले असते. हे भांडून एकाच घरी जायचे. गेवराईच्या एका लग्नात, ऐन अक्षता पडताना, थोरला मध्ये आला म्हणून धाकट्यानं त्याला कोपरानं ढकललं. थोरला कॅमेऱ्यासकट वाजंत्र्यांच्या ताशावर बसला. वऱ्हाड हसलं. नुसता भाऊ असता तर त्यानं माफ केलं असतं. पण तो फोटोग्राफर होता आणि त्याचा मुख्य फोटो चुकला होता.

त्या उन्हाळ्यात वाटणी झाली.

आमच्याकडं वाटणीची रीत अशी: थोरल्यानं दोन वाटे करायचे आणि धाकट्यानं त्यातला हवा तो उचलायचा. म्हणजे वाटे करणाऱ्याचा काटा आपोआप सरळ राहतो. समाजातली दोन वडीलधारी माणसं साक्षीला बसतात. आणि जावयाला बसू देत नाहीत. जावई बसला म्हणजे लेकीचा वाटा मागायला आला, असा अर्थ निघतो. म्हणून मला मोठ्या मानानं समोरच्या घराच्या ओसरीवर गादी घालून दिली, उशाला तक्या दिला आणि आमरसाची वाटी रिकामी होऊ देईनात. डिस्कमध्ये पट्ट्या म्हणजे काय, हे नीट कळलेला त्या गोतावळ्यातला एकुलता एक माणूस रस्त्याच्या पलीकडं बसून रस पीत होता.

आत काय झालं ते मला बायकोनं नंतर सांगितलं. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. कॅमेरे झाले, दिवे झाले, धबधब्याचा पडदा थोरल्याकडं, नवा बागेचा पडदा धाकट्याकडं. मग मशीन. धाकट्याला मिक्सिंगला डबा हवा होता. थोरल्यानं त्याच्या बदली स्कॅनर आणि प्रिंटर दुसऱ्या वाट्यात टाकले. आणि फोटो? तेव्हा धाकट्यानं डबा उघडून त्या दोन डिस्क बाहेर काढल्या आणि सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. साक्षीदारांतले एक वृद्ध गृहस्थ गहिवरले. "बगा, द्येवानंच वाटणीसाठी घडवल्यावाणी हायत."

दुकानातलं बोलणं दुकानातच राहिलं होतं. 'अर्धं इकडं, अर्धं तिकडं' एवढंच सगळ्यांच्या लक्षात होतं आणि त्याचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की अर्धी माणसं या डिस्कवर आणि अर्धी त्या डिस्कवर. "कुणाची माणसं कुणाकडं गेली ते बगू घरी गेल्यावर," थोरला म्हणाला. "लागली तर एकमेकाला देऊ." भांडणातही तेवढी माणुसकी शिल्लक होती. माझी बायको दारातून म्हणाली, "त्यांना एकदा इचारा की, समोरच बसलेत." तर तिच्या काकू म्हणाल्या, "जावयाला कावून मधी घेती गं? उद्या बोल लागंल."

अर्धी माणसं इकडं नव्हती आणि अर्धी तिकडं नव्हती. प्रत्येक माणूसच मधोमध वाटला गेला होता.

मी त्याच संध्याकाळी, कौतुकानं भरलेल्या पोटानं, गेवराईला गेलो. आठवडा झाला असेल. थोरल्याचा फोन आला. "दाजी, बगा तुमच्या मेव्हण्याची करणी. मला कोरी डिस्क दिली त्यानं. नव्या मशीनला लावली तर काईच दिसंना." मी काही बोलायच्या आत त्याचं एसटीडीचं युनिट संपलं आणि फोन कटला. मी डोक्याला हात लावून बसलो तोवर धाकट्याचा फोन. "दाजी, अण्णानं काय केलं म्हाईत हाय का? सगळं पुसून डिस्क दिली मला!"

"काही करू नकोस," मी ओरडलो. "डिस्कला हात लावू नकोस! दोन्ही एकत्र लावल्या की सगळं परत दिसेल!"

मग धाकटा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "तुमी या इकडं."

मी मिळेल त्या एसटीनं बीडला गेलो. धाकट्याचं नवं दुकान थोरल्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं. तो मशीनसमोर बसला होता.

"काय केलंस?"

"मशीन म्हणलं, डिस्क कोरी हाय, फॉरमॅट करू का? मी म्हणलं, कर बाबा. अण्णानं पुसूनच दिल्ती, तर त्यात काय ठिवायचं व्हतं?"

"आणि मग?"

"मंग काय. सीझन हाय. तीन लग्नं टाकली तिच्यावर." आणि मग, मला वाटतं सवयीनं, तो म्हणाला, "लई भारी झालीत. बगता का?"

त्यानं दाखवली. मी बघितली. नवरानवरी बदामातून आली, चांदण्यांतून आली, हंसाच्या पाठीवर बसून आली. त्या हंसाखाली कुणाचे डोळे होते, कुणाचे हात होते, कुणाच्या बाळाचं डोकं होतं. मला हसू आलं आणि ते थांबेना. शेवटी धाकट्यानं पाणी आणून दिलं.

थोरल्याची डिस्क मात्र शाबूत होती. पिवळ्या रुमालात बांधून कपाटात ठेवलेली. ती घेऊन मी पुण्यातल्या एका तज्ज्ञाकडं गेलो, जो मेलेल्या डिस्कमधून डेटा काढायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाटणी? डिस्कची?" त्यानं आतल्या माणसांनाही बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मीही सांगितलं, आवाज काढून, काकूंच्या नकलेसकट. सगळे पोट धरून हसले. मग तो डोळे पुसत म्हणाला, "फोटो मोठे आहेत, म्हणून पट्ट्या निघतील. एक आड एक. मधलं काही मिळणार नाही. कधीच नाही."

त्यानं काढून दिलेले फोटो घेऊन मी परत आलो आणि थोरल्याच्या दुकानात आप्पांच्या हातात दिले. कपाळ होतं, मग एक राखाडी पट्टी, मग मिशा, मग राखाडी पट्टी, मग सदऱ्याच्या गुंड्या. मागं धबधबा होता, तोही टप्प्याटप्प्यानं पडत होता. आप्पांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. काही माणसं त्यांनी तशीही ओळखली. उभं राहण्याच्या ढबीवरून, जोड्यांवरून.

"जावईबापू, ही मधली पट्टी कुठं गेली?"

"धाकट्याच्या डिस्कवर होती."

"व्हती?"

"होती."

त्यांनी सगळे फोटो सरळ करून, कडा जुळवून खाली ठेवले. थोरला कोपऱ्यात उभा होता. आप्पांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो नंतर मला म्हणाला. आप्पांनी त्या दिवसापासून कॅमेऱ्याला हात लावला नाही.

पण माणसं मरायची थांबली नाहीत आणि त्यांच्या घरची मंडळी यायची थांबली नाहीत. थोरल्याच्या दुकानात कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "जुने फोटो समोर हायत, धाकट्याकडं." माणूस रस्ता ओलांडून गेला, की धाकटा म्हणायचा, "निगेटिव्ह अण्णानं इकल्या, त्यालाच इचारा." बिचारा पुन्हा रस्ता ओलांडायचा. फोटो राहिले नाहीत, हे वाक्य दोघांपैकी कुणाच्याही तोंडून निघत नव्हतं. कारण ते म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार होता: कुणी घालवले? लोक दोन-चार खेपा घालायचे, दोन्ही दुकानांना सारख्याच शिव्या द्यायचे आणि एसटी पकडायचे. एवढं मात्र खरं, की वाटणीनंतर दोघा भावांत अगदी समसमान वाटली गेलेली ती एकच गोष्ट होती.

एकदा मी तिथं असताना आष्टीकडची एक बाई आली. नवऱ्याचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. तीही दोन्हीकडं जाऊन आली होती आणि आता थोरल्याच्या पायरीवर बसली होती. ती भांडत नव्हती. "कवा मिळंल ते सांगा, तवर बसते," एवढंच म्हणत होती.

आप्पा आत बसले होते. ते उठले, पुण्याहून आलेला गठ्ठा काढला आणि एकेक फोटो बघू लागले. नवऱ्याचं वर्णन विचारायची त्यांना गरज पडली नाही. बाईचं गाव विचारलं, तेवढं पुरलं. त्यांनी एक फोटो काढून तिच्या हातात दिला. थोरला "आप्पा, नगं" म्हणेपर्यंत तो तिच्या हातात होता.

बाईनं तो लांब धरला, जवळ धरला. "पटका त्यांचाच हाय," ती म्हणाली. "ही गुंडी मी लावल्ती, दुसऱ्या रंगाची." मग तिनं त्या राखाडी पट्टीवरून बोट फिरवलं. "डोळे कुठं हायत?"

थोरल्याची मान, सवयीनं, समोरच्या दुकानाकडं वळली. "तिकडं व्हते."

"मंग आधीच सांगायचं की," बाई उठली. फोटो पदराखाली धरला. "तेवढे तिकडून घेऊन येते. तुमी जोडून द्या."

ती रस्त्यात उतरली. पलीकडून धाकट्यानं तिला येताना बघितलं आणि लांबूनच हात हलवला, "मावशी, अण्णाकडं हाय सगळं!" ती थांबली नाही. थोरला माझ्याकडं बघू लागला, मी थोरल्याकडं. दोघांत जो आधी उठेल त्यालाच खरं काय ते सांगावं लागणार होतं.

आप्पा उठले. चपला न घालता, धोतराचा सोगा हातात धरून, रिक्षावाल्याला हातानं थांबवत ते रस्ता ओलांडून गेले. वाटणी झाल्यापासून ते धाकट्याच्या दुकानात पहिल्यांदा शिरत होते. मी मागोमाग पोचलो तेव्हा ते बाईसमोर उभे होते.

"मावशी, तुमच्या मालकाचा फोटो आता न्हाई," ते म्हणाले. "डोळे इथं बी न्हाईत. पोरांनी वाटून घेतला."

बाईला ते कळायला वेळ लागला. तिनं पदराखालचा कागद बाहेर काढला, पुन्हा बघितला.

"वाटून घेतला?" ती म्हणाली. "त्यो तर आमचा व्हता."

आप्पांनी हात जोडले. धाकटा खुर्चीवरून अर्धवट उठून तसाच राहिला. बाईनं त्या दोघांकडंही पाहिलं नाही. ती त्यांच्या मागं मशीनच्या पडद्याकडं बघत होती. तिथं कुणाचं तरी लग्न लागत होतं आणि वऱ्हाडातलं एकेक माणूस कॅमेऱ्याकडं बघून हसत पुढं सरकत होतं.